पासवर्ड वहीत लिहा, आणि सुरुवात ईमेलपासून करा

गेल्या महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचा फोन पाण्याच्या टाकीत पडला. दुसऱ्या दिवशी नवीन फोन आणला, जुनं सिम घातलं आणि रात्री नऊला काका-काकू दोघंही माझ्या दारात. "अगं, हा गुगलचा पासवर्ड मागतोय. आपला कुठला गं पासवर्ड?"

मी गेली सतरा वर्षं कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, त्यामुळे इमारतीत कुणाचंही काही अडलं की माझ्याकडेच येतात. 'पासवर्ड विसरलात का' वर दाबलं. फोन म्हणाला, शेवटी ४७ असलेल्या नंबरवर कोड पाठवतो. काकांचा नंबर ४७ ने संपत नाही. काकूंचा नाही, मुलाचा नाही, सुनेचाही नाही. बराच वेळ गेला आणि मग काकूंना आठवलं, की सहा वर्षांपूर्वी फोन घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने सगळं चालू करून दिलं होतं. खातं त्यानेच उघडलं, पासवर्ड त्यानेच ठेवला आणि नंबर स्वतःचा टाकला. ते दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली.

अकरा दिवस आम्ही प्रयत्न केले. खातं परत मिळालं नाही. नातीच्या बारशाचे फोटो, गावाकडच्या लोकांचे नंबर, काकांनी पेन्शनच्या कामासाठी स्कॅन करून ठेवलेले कागद, सगळं त्यातच होतं. काकू एकदाच म्हणाल्या, "आमचंच होतं ना ते?" त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. मला मात्र झोप लागेना, म्हणून हे लिहितेय.

त्या मुलाचा मला राग नाही. समोर गिऱ्हाईकांची रांग, काकांना स्वतःचा नंबर पटकन आठवत नव्हता, त्याने आपला टाकून काम उरकलं. असं रोज होतं. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना, दाखला काढताना, नोकरीचा अर्ज करताना 'ईमेल नाही? थांबा, काढून देतो' म्हणत किती जणांची खाती दुसऱ्याच्या नंबरावर उघडली गेली असतील! वर आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बंद पडलेला मोबाईल नंबर कायमचा बंद राहत नाही. ९० दिवस उलटले की कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे काकांच्या खात्याची किल्ली उद्या कुणा तिसऱ्याच माणसाच्या खिशात असेल आणि त्यालाही ते कळणार नाही.

म्हणून आज रात्री जेवण झाल्यावर एवढं एक काम करा. आईबाबांचा फोन हातात घ्या, सेटिंग्जमध्ये गुगल उघडा, तिथे सिक्युरिटीत जा आणि रिकव्हरी फोन म्हणून (म्हणजे पासवर्ड विसरल्यावर कोड जिथे येतो तो) कुणाचा नंबर आहे ते बघा. तिथेच हे खातं कुठल्या कुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर उघडं आहे त्याची यादी दिसते. विकलेला जुना फोन किंवा सायबर कॅफेतला कॉम्प्युटर अजून त्या यादीत असेल तर साइन आउट करून टाका.

ईमेलपासूनच, म्हणजे या गुगल खात्यापासूनच, सुरुवात का? बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड 'विसरलो' म्हटलं की नवा करण्याची लिंक ईमेलवरच येते. तुमचा ईमेल ज्याच्या हातात गेला, त्याला बाकीचे पासवर्ड माहीत असण्याची गरजच उरत नाही.

आता माझं एक ठाम मत सांगते, अनेकांना ते पटणार नाही. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. होय, वहीत, पेनने. 'पासवर्ड कुठेही लिहू नका' हे मीही वर्षानुवर्षे वर्गात सांगत आले, आणि त्याने भलं होण्यापेक्षा नुकसानच जास्त झालं असं आज माझं मत आहे. लिहायचं नाही म्हटल्यावर साठीचा माणूस काय करतो? लक्षात राहील असा एकच पासवर्ड ठेवतो आणि तोच सगळीकडे लावतो. वर्गात मी हे बघितलंय. मुलीचं नाव आणि जन्मसाल. साईराम१२३. जयभवानी. गाडीचा नंबर. बँकेला तोच, ईमेलला तोच, आणि एकदा स्वस्तात चादरी मिळतात म्हणून जिथे नाव नोंदवलं त्या वेबसाइटलाही तोच.

घात होतो तो या शेवटच्या ठिकाणी. कुणी हॅकर तुमच्या घरासमोर बसून तुमच्या मुलीचं नाव काय असेल याचा विचार करत नाही. कुठली तरी ढिसाळ वेबसाइट फुटते, तिथल्या ईमेल-पासवर्डची यादी बाहेर पडते, आणि मग तीच जोडी दुसऱ्या शेकडो ठिकाणी यंत्राने लावून बघितली जाते. २००९ मध्ये रॉकयू नावाची कंपनी फुटली तेव्हा ३ कोटींहून जास्त पासवर्ड बाहेर आले, तेही कुलूपबंद न करता जसेच्या तसे साठवलेले. त्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. आणि हे फक्त साध्यासुध्या माणसांकडूनच होतं असंही नाही. २०१२ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका कर्मचाऱ्याने दुसरीकडचाच पासवर्ड कामाच्या खात्यालाही ठेवला होता. तो बाहेर फुटला आणि चोर त्याच्या खात्यात शिरले. ज्यांचा धंदाच लोकांच्या फाइली सांभाळण्याचा, त्यांच्या माणसाकडून हे झालं, तर काकांना मी कुठल्या तोंडाने बोलू?

आता हजार किलोमीटरवर बसलेल्या चोराला तुमच्या कपाटातली वही वाचता येते का? घरात चोर शिरलाच तर तो दागिने बघेल, तुमची दोनशेपानी वही नाही. कागद सांभाळणं आपल्या लोकांना जमतं. सातबारा, पासबुक, विम्याची पॉलिसी, चाळीस वर्षांपूर्वीच्या पावत्यासुद्धा आपल्याकडे नीट जपलेल्या असतात. ते कसब इथे का वापरू नये?

काकांकडे मी आणि त्यांनी बसून तशी वही केली. प्रत्येक खात्याला एक पान. वर खात्याचं नाव, खाली कुठला ईमेल, कुठला मोबाईल नंबर, मग पासवर्ड. पासवर्डसाठी एकमेकांशी काही संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे. समजा, पितळ, खिडकी, हरभरा, पंक्चर. (हेच चार उचलू नका, आता ते सगळ्यांनी वाचलेत.) शब्द मनाने ठरवायचे नाहीत, कारण मन घरच्या नावांवर आणि देवांवरच जातं. समोर पडलेलं वर्तमानपत्र उघडून डोळे मिटून बोट ठेवायचं. ओवी-अभंगाची ओळही नको, तुम्हाला पाठ आहे म्हणजे लाखो लोकांना पाठ आहे. आणि एक युक्ती: चारातला शेवटचा शब्द वहीत लिहायचाच नाही. तो एकच शब्द सगळ्या पासवर्डना शेवटी लावायचा आणि नवराबायकोने तोंडी लक्षात ठेवायचा. वही कुणाच्या हातात पडली तरी अर्धीच किल्ली मिळते. काकूंनी तो शब्द निवडला. मलाही सांगितला नाही, आणि मला ते फार आवडलं.

वहीत दोन गोष्टी मात्र लिहायच्या नाहीत, एटीएमचा पिन आणि यूपीआयचा पिन. ते लहान असतात आणि रोज वापरात असतात, म्हणून लक्षात राहतात. आणि वही म्हणजे वहीच. फोनमध्ये पानाचा फोटो काढून ठेवायचा नाही, स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवायचं नाही, चिठ्ठी करून फोनच्या कव्हरमध्ये तर नाहीच नाही.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची गरज नाही. ऑफिसात ही सक्ती असते तिथे लोक काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, शेवटच्या ०१ चं ०२ होतं. मुदत ठरवून पासवर्ड बदलायला लावू नका, हे अमेरिकेच्या निस्ट या मानक ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने २०१७ च्या नियमावलीतच सांगितलंय. कुठून फुटल्याची शंका आली किंवा कुणाला सांगून बसलात, तर मात्र त्याच दिवशी बदला.

तरुण मुलांसाठी वही नको, त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड लक्षात ठेवून आपोआप भरणारं अॅप, वापरावा. बिटवॉर्डन फुकट मिळतो, फोन आणि ब्राउझरमध्येही असतोच. त्याचा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही. बँकेच्या पानासारखं हुबेहूब खोटं पान समोर आलं तर माणूस फसतो, पण मॅनेजर पानाचं रूप न बघता वेबसाइटचा पत्ता बघतो. पत्ता जुळला नाही तर तो पासवर्ड भरतच नाही. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नाहीये, असं दिसलं की हात थांबवा.

पण पासवर्ड कितीही चांगला ठेवा, हल्ली दार म्हणजे मोबाईल नंबर आहे. फोन चोरीला गेला की चोर स्क्रीनलॉकशी झटापट करत बसत नाही. सिम काढतो, दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि तुमचे ओटीपी त्याच्या हातात पडायला लागतात. यावर सिमचा स्वतःचा पिन हा उपाय आहे, तो टाकल्याशिवाय दुसऱ्या फोनमध्ये सिम चालत नाही. सेटिंग्जमध्ये सिम लॉक शोधा. कंपनीचा मूळ पिन आधी ग्राहक सेवेकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका. तीनदा चुकला की सिम पीयूके कोड (अडलेलं सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतं, आणि तो दहादा चुकला तर ते सिम कायमचं बाद होतं. तिथेच असताना लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा, नाहीतर कुलूप लावलेल्या फोनवरही ओटीपी दिसत राहतो. व्हॉट्सअॅपला सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. 'चुकून तुमच्याकडे माझा कोड आलाय, जरा सांगता का' या एका फोनवर आमच्या ओळखीतल्या तिघींचं व्हॉट्सअॅप गेलं आणि त्यांच्या नावाने नातेवाइकांकडे पैसे मागितले गेले. लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून एपीके फाइल (फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल) आली तर कुणाचीही असो, उघडू नका. ती बसली की तुमचे मेसेज परस्पर वाचते.

आणि वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत दोन नंबर लिहा, १९३० (ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायची सरकारी हेल्पलाइन) आणि आपल्या बँकेचा. पैसे गेले की आधी हे दोन फोन. नंतर मुलाला, नंतर रडू. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीने पैसे गेले तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान ग्राहकाच्या माथी येत नाही. कळवेपर्यंतचं मात्र त्याचंच. शरमेने गप्प बसलेला एकेक तास किती महागात पडतो ते यावरून समजेल.

एक शेवटचं, आणि हे लिहायला मला जड जातंय. माझे वडील गेले तेव्हा घरातलं सगळं त्यांच्या नंबरावर होतं. आईच्या बँक खात्याला त्यांचा नंबर, गॅसला त्यांचा, वीजबिलाला त्यांचा. कशाचा पासवर्ड काय ते त्यांच्या डोक्यात. आम्ही दुःखात, आणि कुणीतरी सांगितलं म्हणून भावाने महिन्याभरात ते सिम बंद करून टाकलं. त्यानंतर स्वतःच्याच खात्यातले स्वतःचे पैसे काढायला आईने बँकेत किती खेपा घातल्या, ते मी डोळ्यांनी बघितलंय. माणूस गेल्यावर बँकेला लगेच कळवा, पण सिमचा रिचार्ज चालू ठेवा. एकेक ठिकाणचा नंबर बदलून होईपर्यंत तरी ठेवा. आणि माणसं धडधाकट असतानाच बाईच्या खात्याला बाईचा नंबर लावा.

काकूंच्या खात्यालाही काकांचाच नंबर निघाला. सोमवारी बँक उघडली की त्या आणि मी जाणार आहोत. आधार कार्ड आणि पासबुक त्यांनी पिशवीत काढून ठेवलंय.