सॉफ्टवेअरने १.५ दिला म्हणून उतार सुरक्षित होत नाही

उतारांच्या विश्लेषणाबद्दल सध्या एक दावा बराच फिरतो आहे. फायनाइट एलिमेंट मॉडेलने (जमिनीचे छोटे तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून केलेलं संगणकी गणित) फॅक्टर ऑफ सेफ्टी (मातीची ताकद भागिले उतार टिकायला लागणारी ताकद) १.५ दाखवला की उतार सुरक्षित. या तुकड्यांची जाळी बारीक केली की उत्तर अचूक. जमीन किती सरकेल तेही त्याच रनमधून कळतं. आणि उताराचे उभे काप करून हिशेब मांडणारी जुनी स्लाइस पद्धत आता निकामी. यातलं पहिलं विधान सर्वांत धोकादायक.

‘१.५ म्हणजे सुरक्षित.’ पाणी कुठे धरून? संसक्ती (कणांचा आपसातला चिकटपणा) नसलेल्या कोरड्या मातीचा २५ अंशांचा लांब उतार घ्या, घर्षणकोन (कणांमधल्या घर्षणाचं माप) ३५ अंश. टॅन ३५ भागिले टॅन २५, म्हणजे १.५. पाणी पृष्ठभागापर्यंत चढून उताराला समांतर झिरपू लागलं, की या आकड्याला मातीच्या बुडीत (पाण्याचा उचल-दाब वजा केलेल्या) आणि संपृक्त (पाण्याने पूर्ण भरलेल्या) एकक वजनांच्या गुणोत्तराने गुणावं लागतं. संपृक्त वजन घनमीटरला २० किलोन्यूटन असेल तर गुणोत्तर ०.५१ आणि फॅक्टर ०.७७. माती तीच, सॉफ्टवेअरही तेच. अहवाल हातात आला की आधी पाण्याची पातळी शोधा, फॅक्टर नंतर वाचा.

चिकणमातीत निचऱ्याची, म्हणजे भार आल्यावर आतलं पाणी बाहेर पडतं की अडकतं याची, गफलत होते. सिंगापूरमध्ये निकोल हायवेलगतचं खोल खोदकाम २० एप्रिल २००४ रोजी कोसळलं आणि चार जण मेले. स्ट्रट (भिंतींना आडवा आधार) आणि वेलर (भिंतीलगतची तुळई) यांचा जोड कमकुवत होताच. शिवाय मऊ सागरी चिकणमातीसाठी मोर-कूलॉम नियम (संसक्ती आणि घर्षणकोनावरून ताकद काढणारा) परिणामी प्रतिबलाच्या (मातीच्या कणांवर प्रत्यक्ष येणाऱ्या दाबाच्या) प्राचलांसह अनिचरित, म्हणजे पाणी अडकलेल्या, स्थितीत वापरला होता. कातर (माती घसरवणारा ताण) वाढताना हा नियम सरासरी परिणामी प्रतिबल कमी होऊ देत नाही. प्रत्यक्षात अशा मातीत छिद्रदाब (कणांमधल्या पाण्याचा दाब) वाढतो आणि ते प्रतिबल घटतं. त्यामुळे मॉडेलने मातीची ताकद जास्त धरली, भिंतीचं वाकणं कमी दाखवलं. उपाय साधा आहे: मॉडेलमधून निघणारी अनिचरित ताकद वेन टेस्टच्या (जमिनीत पाती फिरवून ताकद मोजणारी चाचणी), दुरुस्ती लावलेल्या आकड्यांशी ताडून बघा; जुळत नसेल तर मोजलेली ताकद मॉडेलला थेट द्या.

‘बारीक जाळी, अचूक उत्तर.’ जाड जाळी फॅक्टर फुगवते, सहा नोडच्या (गणिताचे सहाच बिंदू असलेल्या) त्रिकोणी एलिमेंटांत जास्तच, एवढं खरं. म्हणून आकडा बदलायचा थांबेपर्यंत जाळी बारीक करावी. पण ताकद गमावत जाणाऱ्या मातीत कातरपट्ट्याची (जिथे माती घसरते त्या अरुंद पट्ट्याची) जाडी एलिमेंटच्या आकाराला चिकटते. तिथे साध्या मॉडेलमध्ये आकडा थांबतच नाही.

‘सरकणंही त्यातूनच कळतं.’ नाही. मॉडेल फॅक्टर काढतं ते ताकद घटवण्याच्या पद्धतीने; तीत संसक्ती आणि टॅन घर्षणकोन एकाच संख्येने (घट-गुणांकाने) भागत जातात, समतोल मोडेपर्यंत. त्या टप्प्यातलं विस्थापन मुद्दाम दुबळ्या केलेल्या मातीचं असतं. शिवाय स्थितिस्थापक मोड्युलसचा (मातीच्या कडकपणाच्या मापाचा) फॅक्टरवर जेमतेम परिणाम होतो, म्हणून तो अनेकदा अंदाजाने भरलेला असतो. विस्थापन मात्र त्यावरच ठरतं. ते हवं असेल तर बांधकामाचे टप्पे क्रमाने चालवा आणि भार उतरतानाची कडकपणाची किंमत वेगळी द्या. पहिल्यांदा भार येतानाच्या कडकपणाच्या तिप्पट ही नेहमीची सुरुवात. एकच मोड्युलस ठेवला तर खोदकामाचा तळ अवास्तव फुगतो, आणि जाळीचा तळ जितका खोल न्याल तितका आणखी फुगतो.

‘स्लाइस पद्धत निकामी.’ साध्या उतारावर बिशप किंवा मॉर्गनस्टर्न-प्राइस या स्लाइस पद्धतींचं उत्तर फायनाइट एलिमेंटशी सहसा काही टक्क्यांत जुळतं. दोन्हींत मोठी तफावत दिसली तर आधी इनपुट उघडा. आणि गणित अभिसरण पावलं नाही (उत्तर स्थिरावलं नाही) म्हणजे उतार घसरला असंही नाही. कधी इटरेशनची (गणिताच्या फेऱ्यांची) मर्यादाच कमी ठेवलेली असते, कधी पृष्ठभागावरची वीतभर माती ढळलेली असते. घट-गुणांकासमोर विस्थापनाचा आलेख काढला आणि कातर-विकृतीचं चित्र पाहिलं की यांपैकी काय झालं ते लगेच दिसतं.