घोडीचे तणस आणि फुकटचे सल्ले
रोज सकाळी झाडू घेऊन घोडीखाली अंथरलेले तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंगणातून गोळा करण्याचा मला आता मनस्वी संताप आला आहे. खुराकाची वेळ जवळ आली की ही बया तबेल्याच्या दाराशी येऊन पुढच्या पायाने उकरू लागते, आणि उजाडेपर्यंत आत उघडा मुरूम उरतो व तणसाची गादी उंबऱ्याबाहेरच्या चिखलात पडलेली असते. आमचा यवतमाळ जिल्हा कापूस-सोयाबीनचा, त्यामुळे धानाचे तणस भंडारा-गोंदियाकडून गाडीभाडे भरून आणावे लागते. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) घरचे असले तरी ते टोचते, शिवाय अंथरले की घोडी त्यावर बसण्याऐवजी तेच खात सुटते.

त्यात गावभरचे सल्ले! ‘आगाडी-पिछाडी, म्हणजे पुढची-मागची बांधायची दोरी, आखूड करा, उकरणे बंद होईल,’ असे सांगणाऱ्यालाच एक रात्र तसे बांधून ठेवावे असे मला वाटते. घोडे उभ्याने डुलकी घेते हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला अंग टाकावेच लागते, आणि आखूड दोरीत ते कसे टाकणार? दुसरे शहाणे म्हणतात की काही अंथरूच नका. मग मुरमावर गुडघे सोलवटले, मुताच्या उग्र वासाने घोडी खोकू लागली, ओलीत उभे राहून खुराचा तळ सडला, तर ते निस्तरायला हे महाशय येणार आहेत का? वेल्डिंगवाल्याने तर लोखंडी अर्ध्या दाराचा असा भाव सांगितला, की तेवढ्यात वर्षाचे तणस येईल.

अहो, दारात एक आडवी फळी लागते, बाकी काही नाही! चौकटीच्या दोन्ही अंगांना पट्ट्या ठोकून खाच करावी आणि घरात पडलेली जुनी सागवानी फळी वरून सरकवावी. वीतभर उंची पुरते आणि लीद ओढताना ती उचलून बाजूला ठेवता येते. वरची कड रंध्याने गोल करावी, खिळ्याचे टोक कुठेही बाहेर राहू देऊ नये, कारण घोड्याला धनुर्वाताचा धोका फार. फळीखाली खूर अडकेल अशी फट नको; मग मूत दारातून वाहून जाणार नाही, म्हणून त्याचा उतार मागच्या भिंतीकडे काढावा. गव्हाणही तिकडेच हलवावी, म्हणजे घोडी दाराशी कमी घुटमळते. कोळसा खाणीतला जुना रबरी पट्टा भंगारात मिळाला तर तोही चालतो, मात्र त्याच्या कडेचे नायलॉनचे धागे घोडीने चघळून गिळले तर पोटात गोळा होऊन जिवावर बेतते.

हे सगळे करून झाले आहे. तरीही घरातला जो कोणी पाणी पाजायला आत जातो, तो फळी काढून भिंतीला टेकवतो आणि तशीच सोडून निघून जातो. विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. शेवटी मी ती फळी दोरीने चौकटीला बांधून टाकली, तर काल कोणीतरी ती दोरीच सोडून बैलाच्या कासऱ्यासाठी नेली.