आर्किटेक्ट नगरसेवक झाला, आता पुढे?

बडोद्यात कॉर्पोरेशनच्या निवडणुकीचं वारं सुटलं की दांडिया बझारपासून मांजलपूरपर्यंत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘एखादा आर्किटेक्ट निवडून आला ना, शहराचं रूप पालटेल.’ पालटेल की नाही, हे तो खंडेराव मार्केटात, म्हणजे कॉर्पोरेशनच्या कचेरीत, बसून काय वाचतो यावर आहे. चौकातली कारंजी रेखाटायला नगरसेवक लागत नाही. ते काम सल्लागार करतातच, आणि बहुतेकदा वाईट करतात.

दाखला म्हणून जैमे लर्नरचं नाव निघतं. ब्राझीलमधल्या कुरितिबाचा हा आर्किटेक्ट 1971 मध्ये महापौर झाला, पुढे आणखी दोनदा. 1972 मध्ये मुख्य बाजाराचा रस्ता त्याने एका शनिवार-रविवारात पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा करून टाकला, दुकानदार कोर्टात पोचायच्या आत. सगळं खरं. पण तो पहिल्यांदा निवडून आला नव्हता, लष्करी राजवटीने नेमला होता, हे सांगायचं राहून जातं. दारोदार मतं मागून आलेल्या आपल्या माणसाला ती मोकळीक कुठली?

2021 च्या निवडणुकीत बडोद्यात 19 वॉर्ड आणि 76 जागा होत्या. त्यातली एक आपल्या आर्किटेक्टची. कायद्याने अंमलबजावणी कमिशनरकडे, कमिशनर सरकारचा माणूस. मोठ्या कामांच्या खर्चाची नाडी 12 जणांच्या स्थायी समितीच्या हातात. एरवी ज्याच्या सहीशिवाय नकाशा हलत नाही, त्याच्या सहीला इथे फारसा भाव नाही. बहुतेक आर्किटेक्ट पहिल्याच वर्षी कंटाळतात ते याला.

मग उपयोग कुठे? टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग, स्कीममध्ये. 1976 च्या गुजरातच्या कायद्याप्रमाणे सगळ्यांची शेतं एकत्र धरून, कपात करून, आखीव प्लॉट परत देतात. साधारण हिशोब असा: रस्त्यांना 15 टक्के, बागा-मैदानांना 5, शाळा-दवाखान्यांना 5, विक्रीसाठी 15. म्हणजे 10,000 चौरस मीटरचे 6,000 हातात. आधी स्कीम करायचा इरादा जाहीर होतो, मग 9 महिन्यांत मसुदा, तो प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना एक महिना, पुढे सरकारची मंजुरी, आणि त्यानंतर टाउन प्लॅनिंग ऑफिसरसमोर एकेका मालकाची सुनावणी. तिथे नगरसेवकाने लुडबुड करू नये, ते अर्धन्यायिक काम आहे. त्याचा महिना हरकतींचा. त्या महिन्यात जमीनमालक फक्त आपला फायनल प्लॉट, म्हणजे परत मिळणारा प्लॉट, कुठे पडला ते बघतो. लेव्हल कोणीच बघत नाही.

लेव्हल म्हणजे जमिनीचा चढउतार, आणि त्यावर चालतात आपल्या कांस, पावसाचं पाणी नदीत नेणारे नाले. भूखी, रूपारेल, मसिया ही नावं बडोदेकरांना पावसाळ्यात आठवतात. टीपीच्या शीटवर प्लॉट चौकोनी बसावेत म्हणून वळणाची कांस सरळ करतात आणि मध्येच काटकोनात वळवतात. काटकोनात पाण्याचा वेग पडतो, गाळ तिथेच बसतो. वर स्लॅब टाकला की गाळ काढायचं मशीन आत शिरत नाही. म्हणून कॉन्टूरची, म्हणजे जमिनीची उंची दाखवणाऱ्या रेषांची, शीट टीपीच्या शीटवर ठेवून तीन गोष्टी तपासायच्या. वरच्या नाल्यापेक्षा खालच्या नाल्याचं तोंड लहान तर नाही ना? तळाची पातळी प्रत्येक टप्प्यावर उतरतेय ना? आणि विश्वामित्री नदीत जिथे तोंड उघडतं, तिथली पातळी पुराच्या पातळीच्या तुलनेत कुठे आहे? काळा घोडा चौकातल्या पुलापाशी नदीची धोक्याची पातळी 26 फूट. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली. अशा वेळी कांस कितीही साफ असली तरी नदीचं पाणी तिच्यातूनच उलटं सोसायटीत शिरतं. तोंडाशी झडपेचा दरवाजा हवा, आणि दरवाजा बंद झाल्यावर आत साठणाऱ्या पावसासाठी पंप. नुसता दरवाजा बसवला तर सोसायटी आतल्याच पाण्यात बुडते. लर्नरकडून घ्यायचंच असेल तर बारिगी पार्क घ्या: पुराचं पाणी थांबावं म्हणून नदीकाठी मोकळी ठेवलेली जमीन. आपल्याकडे तशा जमिनीवर आधी भराव पडतो, मग ती ‘रिव्हर व्ह्यू’ म्हणून विकली जाते.

दुसरं काम अगदी किरकोळ वाटणारं. रावपुऱ्यातल्या, दांडिया बझारातल्या जुन्या वाड्यांचे ओटे बघा. दर वेळी जुन्यावर 30-40 मिलिमीटरचा डांबराचा नवा थर चढतो. तीन थरांत रस्ता चार इंच वर, उंबरठा तेवढाच खाली, आणि गटाराची झाकणं खड्ड्यात. उपाय सरळ आहे, आधी जुना थर खरवडून काढायचा. पण ती बाब अंदाजपत्रकात वेगळी लिहिलेली असावी लागते. टेंडर निघाल्यावर ओरडून उपयोग नाही, कंत्राटदार जे लिहिलंय तेवढंच करणार. आर्किटेक्टला बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे टेंडरमधली कामांची आणि मापांची यादी, वाचता येतं, सभागृहात बाकी किती जणांना येतं?

राहता राहिली स्वतःची प्रॅक्टिस. कॉर्पोरेशनच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदाराचा हिस्सा निघाला तर पदच जातं. तेवढ्यावर भागत नाही. ज्या टीपीत आपल्या क्लायंटचा प्लॉट आहे तिच्यावर बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, आणि तसं सभेच्या मिनिट्समध्ये नोंदवून घ्यायचं. फर्म बायकोच्या किंवा धाकट्या भावाच्या नावावर करून मोकळं होणारे पुष्कळ असतात. प्लॅन कोणाच्या सहीने पास होतायत, हे गल्लीतल्या बिल्डरला पहिल्या आठवड्यात कळतं. मतदाराला कळायला पाच वर्षं लागतात. तेव्हा तिकीट मागायला जायच्या आधीच चालू कामांची यादी करा आणि कॉर्पोरेशनच्या हद्दीतली कामं दुसऱ्या, संबंध नसलेल्या आर्किटेक्टकडे रीतसर पत्राने सोपवा.