शू! इथं जॅझ चालू आहे

बिलात शेवटून दुसरी ओळ होती : लाइव्ह म्युझिक, माणशी दोनशे. आम्ही तिघं. त्यातल्या चिरंजीवांनी अख्खं जेवण दोन्ही कानांत इअरबड घालून उरकलं, तरी त्यांचेही दोनशे. हे पैसे त्या सॅक्सोफोनवाल्या पोराला मिळतात का, असं वेटरला विचारलं. "नाही सर, ते सिस्टिमचे." म्हणजे स्पीकरचे. पोराचं काय, ते त्यानं सांगितलं नाही.

तरी पैसे मी एखाद वेळ विसरेन. शेजारच्या टेबलावरचे काका विसरणं अवघड आहे.

मी बायकोला फक्त "चटणी इकडे दे" म्हणालो होतो. काकांनी ओठांवर बोट ठेवलं आणि "शू!" केलं. शाळा सुटल्यापासून मला कुणी असं गप्प केलेलं नव्हतं. मी गप्प बसलो, आणि मग काकांनी जे तोंड उघडलं ते कॉफी येईपर्यंत मिटलं नाही.

"हे जॅझ नाही बरं का," ते माझ्याकडे झुकून म्हणाले. "हे स्मूथ, नुसतं गुळगुळीत." साखर वाढल्याचा रिपोर्ट वाचून दाखवावा, तसा आवाज.

"मग जॅझ कुठला?"

"न्यू ऑर्लीन्स! किंग ऑलिव्हर, लुई आर्मस्ट्राँग. फार तर बेनी गुडमन. एकोणीसशे चाळीसनंतर नुसता गोंधळ."

काकांचं वय बघता चाळीस साली ते जन्मलेलेही नसावेत. न पाहिलेल्या काळासाठी एवढे हळहळणारे गृहस्थ मी फक्त नाट्यसंगीताच्या बैठकीत पाहिले आहेत. काकू शांतपणे सूप पीत होत्या. हे व्याख्यान त्यांना पाठ असावं.

मला सांगायचं होतं, की काका, ही तक्रार जॅझइतकीच जुनी आहे. कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये डिझी गिलेस्पी नावाचा पोरगा ट्रम्पेटवर भलतेच सूर काढायचा, तेव्हा कॅलोवे त्या सुरांना 'चिनी संगीत' म्हणायचा. १९४१ मध्ये कुणीतरी स्टेजवर कागदाचा बोळा फेकला. कॅलोवेनं डिझीला धरलं, बाचाबाची झाली, डिझीनं चाकू काढला आणि नोकरी गेली. बोळा दुसऱ्यानंच फेकला होता. हाच डिझी पुढं न्यू यॉर्कमधल्या हार्लेमच्या मिंटन्स क्लबात चार्ली पार्कर आणि थेलोनियस मंक यांच्याबरोबर रात्री जागवत बसला आणि त्यातून बिबॉप नावाचा नवा जॅझ उभा राहिला. वर १९४२ च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेचा रेकॉर्डिंगवर बहिष्कार, म्हणजे ते बाळंतपण नीट ध्वनिमुद्रितही झालं नाही.

आणि मग १९४४ चा कर. जिथं लोक नाचतात किंवा कुणी गातं, त्या हॉटेलांवर अमेरिकन सरकारनं आधी तीस टक्के, थोड्याच महिन्यांत वीस टक्के कर बसवला. नुसतं वाजवलं तर माफ. मालकांनी नाचायच्या जागेत टेबलं टाकली. मोठ्या बँडांचं दिवाळं निघायला आणखीही कारणं होती, पण चार-पाच जणांनी वाजवायचं आणि लोकांनी बसून ऐकायचं, या चालीला त्या करानं हात दिला. तिथं नाचण्यावर कर होता. आमच्याकडे तो ऐकण्यावर आहे, आणि न ऐकणाऱ्यालाही माफी नाही.

यातलं अर्धंच बोलून झालं होतं. काका म्हणाले, "शू!"

मग त्यांनी एकोणीसशे एकोणसाठ घेतलं. त्या एका वर्षात माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम आला, डेव्ह ब्रुबेकनं पाच मात्रांत वाजवून दाखवलं, आणि ऑर्नेट कोलमन न्यू यॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात पांढरा प्लास्टिकचा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला. मला विचाराल तर इतकं श्रीमंत वर्ष कुठल्याच संगीताच्या वाट्याला सहसा येत नाही. काकांना त्यातलं फक्त प्लास्टिक दिसलं. "प्लास्टिक! बंदीच घातली पाहिजे."

"आणि आता ही हिंदी गाणी! जॅझमध्ये!"

इथं मात्र माझा तोल गेला. म्हटलं, काका, मुंबईत ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन वादकाचा बँड वाजवत होता. आपल्या गोव्याची पोरं हे संगीत अशा बँडांकडून उचलून रात्री हॉटेलात वाजवायची आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत तो ट्रम्पेट आणि तो स्विंग कुठून आला? 'अलबेला'त पडद्यावर बँड घेऊन कोण उभा आहे? आपला गोव्याचा ट्रम्पेटवाला, चिक चॉकलेट!

"सर, चॉकलेट ब्राउनी आहे," वेटर म्हणाला.

काकांनी दोन मागवल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावर केक आला. काकांनी लगेच चुटकी वाजवून सॅक्सोफोनवाल्याला वाढदिवसाचं गाणं वाजवायला फर्मावलं आणि भलत्याच मात्रेवर टाळ्याही सुरू केल्या. पोरानं पहिली फेरी सरळ वाजवली. दुसरीत त्याला काय वाटलं कोण जाणे, शेवटची ओळ त्यानं मोडली, दुप्पट लयीत घेतली, दोन सूर मुद्दाम बाजूला सरकवले आणि मांजरासारखा अलगद समेवर उतरला. संध्याकाळभरात पहिल्यांदा माझा घास हातात राहिला.

"बाळा, चुकलं तुझं," काका ओरडले. "परत घे, नीट."

"सॉरी काका," पोरगा म्हणाला, आणि त्यानं परत घेतलं, नीट. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या, तर काकूंनी सूपवरून नजर उचलून माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही बोळा मीच फेकला होता.