अवांतर प्रकाश आणि वजाबाकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा, की कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या भिंगसंचात विखुरून चित्रावर पसरणारा नको असलेला, म्हणजे अवांतर प्रकाश फार तर एखादा टक्का असतो, काचेवरच्या आधुनिक लेपांनी तोही जवळपास संपवला आहे आणि जो उरतो तो संगणकावर वजा करता येतो. तेव्हा मी लेखात त्याचा उगाच बाऊ केला आहे.

एक टक्का हा आकडा लहान वाटतो, कारण आपण तो उजळ भागाशी ताडून पाहत आहात. दृश्यातील उजळ भाग १०० आणि गडद भाग १ असेल आणि चित्रभर १ एवढा प्रकाश पसरला, तर १००:१ हे गुणोत्तर १०१:२, म्हणजे सुमारे ५०:१ होते. उजळ भागात काही घडल्याचे कळणारही नाही. सावलीत मात्र नको असलेला प्रकाश हव्या असलेल्या प्रकाशाइतकाच झालेला असतो.

वजाबाकीचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. सावलीतील एका पिक्सेलवर, म्हणजे संवेदकाच्या एका बिंदूवर, प्रकाशामुळे १०० इलेक्ट्रॉन जमले, तर त्यांतील स्वाभाविक चढउतार वर्गमुळाइतका, म्हणजे १० असतो. त्यात अवांतर प्रकाशाचे ९०० मिळाले, की एकूण १००० होतात आणि चढउतार सुमारे ३२ वर जातो. आता ९०० वजा केले तरी सरासरी तेवढी मूळपदावर येते, ३२ चा चढउतार तसाच राहतो आणि संकेताचे (हव्या असलेल्या प्रकाशाचे) गोंगाटाशी (या चढउताराशी) असलेले प्रमाण १० वरून जेमतेम ३ वर येते. शिवाय हे ९०० वजा करायचे हे ठरवणार कसे? हा प्रकाश चौकटीबाहेरच्या दिव्याचाही असू शकतो, आणि तो चित्रभर सारखा पसरलेला असेलच असे नाही.

लेपांविषयी आपले म्हणणे अर्धे मान्य आहे. लेप नसलेल्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो, तर चांगल्या बहुस्तरीय लेपाने हे प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली येते. पण लेप परावर्तन रोखतो. धूळ, पॉलिशमध्ये राहिलेला सूक्ष्म खडबडीतपणा आणि भिंगे बसवलेल्या नळीची आतली भिंत यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही. समोरून डांबरासारखा दिसणारा काळा रंग तिरप्या कोनातून पाहिला की चक्क चकाकतो, म्हणूनच नळीत धारदार कडांची कडी बसवावी लागतात. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओ यांनी १९३० मध्ये ग्रहण नसताना सूर्याचा प्रभामंडल (सूर्याभोवतीचे अंधुक बाह्य वातावरण) पाहिला, तो सूर्यबिंबाच्या सुमारे दशलक्षांश तेजाचा. त्यासाठी त्यांनी अत्यंत निगुतीने पॉलिश केलेले एकच भिंग समोर ठेवले आणि त्याच्या कडेवरून वळणारा प्रकाश पुढे वेगळ्या पडद्याने अडवला.

आपल्याला हे स्वतः मोजता येईल. आतून काळे मखमली कापड लावलेल्या खोक्याला लहान छिद्र पाडून ते सर्व बाजूंनी उजळ पांढऱ्या पृष्ठभागाने वेढावे आणि चौकट पूर्ण पांढरी भरेल असे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) छायाचित्र घ्यावे. भिंगावर झाकण लावून घेतलेल्या छायाचित्राचे मूल्य छिद्र आणि पांढरा पृष्ठभाग या दोन्हींच्या मूल्यांतून वजा करून छिद्राच्या मूल्याला पांढऱ्याच्या मूल्याने भागावे. मग समोरच्या काचेवर बोटाचा हलका ठसा उमटवून हेच पुन्हा करावे आणि दोन्ही आकडे इथे जरूर कळवावेत.