जिवाणू या काट्यांनाही सरावतील का?

‘अँटिबायोटिकला सरावले तसे जिवाणू तुमच्या या नॅनो-काट्यांनाही सरावतील, नाव नवं आणि खेळ जुनाच,’ असं तुम्ही लिहिलंत. नॅनो-काटे म्हणजे पृष्ठभागावरचे अतिसूक्ष्म खांब, टेकलेल्या जिवाणूला मारणारे. आक्षेप बिनबुडाचा नाही, पण जिवाणू मारणाऱ्या सगळ्याच धातूंच्या पृष्ठभागांना तो सारखा लागू पडत नाही.

तांबं आणि चांदी यांच्याबाबतीत तुमचं म्हणणं पटतं. ते मुख्यतः आयन (विद्युतभारित अणू) सोडून मारतात, म्हणजे शेवटी रसायनानेच. आत शिरलेलं तांबं उपसून बाहेर टाकणारे पंप कित्येक जिवाणूंकडे आधीपासून आहेत. चांदीला दाद न देणारी जनुकंही सापडली आहेत, आणि ती प्लास्मिडवर (मूळ गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यावर) असली की एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जातात.

काट्यांची गोष्ट निराळी. २०१२ साली ऑस्ट्रेलियात एलेना इवानोव्हा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सिकाडा कीटकाच्या पंखावर स्यूडोमोनास नावाचे जिवाणू काही मिनिटांतच मरतात. त्या पंखावर साधारण २०० नॅनोमीटर उंचीचे खांब असतात. पंखात एखादं विष असेल, ही शंका येणारच. म्हणून त्यांनी पंखावर अवघ्या १० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवला. रसायन बदललं, आकार तोच राहिला, जिवाणू तरीही मेले. (या विषयातला माझा सर्वात आवडता प्रयोग!) त्यांच्या गणितानुसार खांब सुईसारखे टोचतही नाहीत. जिवाणू खांबांना चिकटत जातो, दोन खांबांमधलं त्याचं पटल (पेशीचं आवरण) ताणलं जातं आणि तिथेच फाटतं. टायटॅनियमवर असे काटे उगवण्याची खटपट याच तत्त्वावर चालते.

पण ताण सोसायला जाड भिंत पुरते. सिकाडाच्या पंखावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तगून राहिला, तोही काही नव्याने शिकून नाही, तर जन्मजात जाड पेशीभित्तीमुळे. अनेक अँटिबायोटिकना दाद न देणारा कुप्रसिद्ध एमआरएसए याच जातीचा. पुढे ब्लॅक सिलिकॉनवरच्या (सूक्ष्म काटे कोरलेल्या सिलिकॉनवरच्या) वेगळ्या घडणीच्या काट्यांनी स्टॅफिलोकॉकसलाही मारलं. म्हणजे काट्यांची उंची, अंतर आणि टोक यांवर सगळं अवलंबून.

मला खरी धास्ती सरावण्याची नाही, कचऱ्याची आहे. मेलेल्या जिवाणूंचे अवशेष आणि शरीरातली प्रथिनं काट्यांवर साचली, की नंतर आलेल्या जिवाणूला काटे लागतच नाहीत. घासताना टोकं झिजतात ते वेगळंच. शिवाय रक्तात पसरलेल्या संसर्गाला याचा काडीचा उपयोग नाही. मारायचं तर जिवाणूने पृष्ठभागाला टेकायला हवं. त्यामुळे ‘अँटिबायोटिकला पर्याय’ म्हणून कुणी हे विकत असेल तर तुमच्यासारखंच मीही भांडेन. सांध्याच्या इम्प्लांटवर (शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्यावर) बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, धरू न देणं, एवढ्यासाठी मात्र मला यात दम वाटतो. तिथेही चाचणी स्वच्छ द्रावणात झाली की प्रथिनांचा थर बसल्यावर, हे आधी विचारावं.