पळपुटेपणा म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, टॉल्किन या इंग्रज प्रोफेसरची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी आजही का वाचावीशी वाटते यावर मी लिहिलं अन् त्याखाली तुमची कमेंट आली, "कापसाला भाव नाही, पोरं रिकामी फिरून राहिली अन् तुम्ही गोऱ्या प्रोफेसरच्या परीकथेत रमता, हा निव्वळ पळपुटेपणा आहे. त्यात पानोपानी गाणी, बायका नावापुरत्या." मत वेगळं असू द्या ना, पण बोलायची काही रीत असते. ओळख ना पाळख, थेट पळपुटा?

गाण्यांचं कबूल. काही लईच लांबली आहेत.

पण कापसाचं मला सांगू नका बाप्पा. मी कोरडवाहूवाल्याचा पोरगा आहे, आमच्या घरी दिवाळीनंतर माजघरात छतापर्यंत कापूस असायचा, आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो, अंगाला खाज सुटायची, अन् बाबा रोज भाव विचारून परत यायचे, आज नाही उद्या वाढंल म्हणून. 2017 ला गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली त्या हिवाळ्यात मी हे पुस्तक पुन्हा काढलं. तुम्ही म्हणता तसं पळायला काढलं असतं तर ते फेकून दिलं असतं, कारण त्याच्यात पळायला जागाच नाही. टॉल्किन 1916 ला पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत होता, त्या युद्धात त्याचे जिवलग दोस्त गेले, तो माणूस तुम्हाला खोटं सुख विकंल का?

शेवटाकडचा भाग वाचला का तुम्ही? जिच्यापायी सारं घडलं ती दुष्ट अंगठी नष्ट झाली, युद्ध संपलं, फ्रोडो, सॅम अन् त्यांचे दोन दोस्त असे चौघं घरी येतात तर गावाची पार वाट लागलेली. झाडं तोडलेली. माणसं सांगतात की धान्य तर भरपूर पिकते पण जाते कुठं ते समजत नाही, मोजणारे येतात, मापतात अन् गोदामात घेऊन जातात. हे वाचताना मला आमचं माजघर दिसलं, आता तुम्हाला ते परीकथेत दिसत नसंल तर मी काय करू? अन् सॅम, एवढं सारं सोसून आलेला गडी, मैदानातलं जुनं झाड पाडलेलं पाहून ढसाढसा रडतो. मग जिथं जिथं चांगलं झाड गेलं तिथं रोप लावतो अन् प्रत्येकाच्या मुळाशी भेट मिळालेल्या मातीचा एकेक कण टाकतो. फ्रोडो मात्र बरा होतच नाही, जखम झाली ती तारीख दरवर्षी आली की आजारी पडतो. 1954-55 ला आलेलं पुस्तक लोक अजून वाचतात ते जादूसाठी नाही, जिंकूनही घर पहिल्यासारखं राहत नाही हे ते सांगते म्हणून.

बायकांचं अन् गोऱ्यांचं तुम्ही एका ओळीत उरकलं, मीही त्याच्यात शिरत नाही. पुढच्या वेळी कमेंट टाकाल तर पुस्तक वाचून टाका, अन् पळपुटा हा शब्द मागे घ्या.